हसणारं पोट

मी सांगते त्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. बसलाच तर तो माणूस डोक्यानं जरा अधू आहे असं खुशाल समजावं. पण माझ्या या हातांनी शिवलेली एक गादी भर रस्त्यात शिंकली होती. एकदा नाही, दोनदा. आणि शिंकून झाल्यावर खुदकन हसली.

"आणि मग तिनं चहा मागितला," हसरी म्हणाली.

"चहा नाही, दूध मागितलं. मध्ये बोलू नकोस."

हसरी म्हणजे माझी नात. सख्खी नाही, माझ्या भाचीची मुलगी. आमच्या गाद्यांच्या दुकानात गिऱ्हाइकांशी गोड बोलायचं काम तिचं, कापूस भरायचं माझं, आणि न बोलता बाकी सगळं करायचं तिच्या आईचं. कोपऱ्यात खिडकीशी दुलईला टाके घालत बसलेली ती माझी भाची. ही गोष्ट खरं तर तिची. पण मी ती इतक्यांदा आणि इतक्या तऱ्हांनी सांगितली आहे, की आता वहिवाटीनं माझी झाली. भाची कधी मध्ये बोलत नाही. एकदा मी गोष्टीत तिला पंख लावले होते, तरीही तिची सुई वर आली नि खाली गेली, एवढंच.

त्या दुपारी दुकानात शाळेतल्या मास्तरीणबाई आल्या होत्या. दिवस भरत आलेले, कपाळावर घाम, काखेत छत्री. होणाऱ्या बाळासाठी त्यांना लहानशी गादी हवी होती. स्टुलावर टेकता टेकता त्या म्हणाल्या, "मऊ करा हं मावशी. आतला फार लाथा मारतो." आता एवढं आमंत्रण मिळाल्यावर मला कोण आवरणार?

"मास्तरीणबाई, तुम्ही या काठाच्या. तुम्हाला काय सांगायचं! तुमचं पोट तुमचं. पलीकडे तसं नव्हतं."

पलीकडे म्हणजे नदीच्या त्या काठाला. वारा तिकडून आला की तिथली घंटा आमच्या दुकानात अजून ऐकू येते. तिथे राज्य देवाचं. निदान देवाला न विचारता तसं ठरवून टाकलेलं. देवाच्या वतीनं बोलायला धर्माधिकारी, ते बोलतील ते करायला रक्षक, आणि उरलेल्यांनी मान हलवायची. बायकांना तर कामही एकच. पोट सपाट दिसलं की रक्षक दारात हजर. "आई, देवाची जागा रिकामी का?" आई म्हणायचे बरं का, अगदी अदबीनं. कालपरवा न्हाण आलेल्या पोरीलासुद्धा आई! मग त्या आईला दिवस राहीपर्यंत मातृभवनात नेऊन ठेवायचे. तिथल्या गाद्या मी शिवायचे. माझं वय टळून गेलं होतं, त्यामुळे माझ्याकडे कोणी बघत नसे. म्हातारपणाचे फायदे लोकांना उशिरा कळतात.

मूल आईजवळ राहायचं ते पहिला दात येईपर्यंत. दात आला, की ते देवाचं.

"हे कोणी ठरवलं?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"ज्यांना कधी अंगावर पाजावं लागलं नाही त्यांनी. त्यांचं शास्त्र सोपं होतं. दात नाही तोवर मूल दूध पितं, तेव्हा आई लागते. दात आला, आता चावून खाईल. आईचं काम संपलं, तिनं पुढच्याला लागावं."

दात तपासायला एक बाई दर आठवड्याला घरोघर फिरायची. हातात चांदीचा चमचा. बाळाच्या हिरडीवर तो अलगद वाजवायची. नुसती हिरडी असली तर आवाज नाही. दात असला तर 'टिक्'. टिक् झालं की मूल तिच्या कडेवर, आणि तिथून थेट नदीकाठच्या आश्रमात. त्या बदल्यात आईच्या खांद्यावर एक पितळी बटण शिवत. मोठा मान तो. त्या तपासणाऱ्या बाईला गल्लीत सगळे चमचेवाली म्हणायचे. तोंडावर अर्थात ताई. तिच्या स्वतःच्या खांद्यावर बटणांची रांग होती, दंडापर्यंत उतरलेली.

भाचीच्या खांद्यावर दोन बटणं होती. थोरला मुलगा, मधली मुलगी. दोघंही टिक् होऊन गेली. ती बटणं तिच्या सुयांच्या डबीत अजून आहेत.

तिसरी ही हसरी. हिच्या वेळी भाची जाता जाता वाचली. सुईणीनं बाहेर येऊन हात पुसले आणि ओसरीवर बसलेल्या धर्माधिकाऱ्यांना सांगितलं, "महाराज, पुढच्या खेपेला मूल होईल, बाई उरणार नाही."

ते म्हणाले, "मूल होईल ना? मग झालं तर."

मी आत गादी बदलत होते. मी मनात म्हटलं, थांब बाबा. पुढची खेप आता मीच करते. कापसाची.

"आजी गरोदर!" हसरी टाळी वाजवून म्हणाली.

"तसंच समज. डोहाळेही मलाच लागले होते."

आता पलीकडचा एक नियम सांगायला हवा, कारण त्याच्याच जोरावर आम्ही तरलो. गर्भवतीच्या पोटाला कोणी हात लावायचा नाही. पोट म्हणजे देवाचं देऊळ! ती रस्त्यानं निघाली की पुरुषांनी तोंड भिंतीकडे फिरवायचं. भले मोठे मिशाळ रक्षक, शिक्षा झालेल्या पोरांसारखे भिंतीला नाक लावून उभे राहायचे. या नियमाचा त्यांना इतका अभिमान होता, की त्यामुळे आपण कधी काही बघतच नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

हसरी अजून पाळण्यात होती तेव्हाच मी भाचीला पहिलं पोट शिवून दिलं. उशीएवढंसुद्धा नाही, टाचण्या टोचायला ठेवतात ना, तेवढीशी गादी. मग हळूहळू मूठमूठ कापूस वाढवत गेले. सुईणीनं येऊन पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि दाराबाहेरच्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "दिवस राहिलेत." मग माझ्याकडे न बघता हळूच, "टाके जरा बारीक घाल, गादीवाले. डाव्या अंगाला गोळा होतोय."

माणसं कशी असतात बघा. कोण कोणाच्या बाजूचं आहे ते कापसाला हात लावल्याशिवाय कळत नाही.

"पण पोट किती दिवस पुरणार?" मास्तरीणबाई म्हणाल्या. "शेवटी बाळंत व्हायला नको का?"

"त्यासाठीच तर पूल." मी खिडकीबाहेर बोट दाखवलं. "या काठाला ते जुनं देवस्थान आहे ना, तुम्ही शाळेच्या पोरांना सहलीला नेता ते. पलीकडच्या गर्भवतींनी शेवटच्या महिन्यात पूल ओलांडून तिथे दिवा लावायचा आणि दिवस मावळायच्या आत परत जायचं. सोबत एक वयस्क बाई, तेलाची टोपली घेऊन. बाकी कोणी नाही. तान्हं मूल तर मुळीच नाही."

"आणि बायका परत जायच्या? पळून नाही जायच्या?"

"ज्यांची मुलं आश्रमात, त्या पळून कुठे जाणार? पुलाला म्हणूनच कुलूप नव्हतं, मास्तरीणबाई. कुलूप आश्रमाला होतं."

कोपऱ्यातली सुई जरा थांबली असं मला वाटलं. मी घाईघाईनं पुढे गेले. गोष्टीला आणि रिकाम्या पोटाला फार वेळ शांत ठेवू नये.

बेत असा होता की नववा लागेपर्यंत पोट वाढवायचं, मग कापूस काढून त्या जागी हसरी घालायची आणि पूल ओलांडायचा. पण आमच्या या बाईसाहेबांना दम कुठला! पोट पाचव्यात होतं तेव्हाच हिनं मला चावून दाखवलं. बोट बाहेर काढलं तर टोकाशी लाल ठिपका. खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढा दात.

दुसरं पोर असतं तर तोंड मिटवून ठेवता आलं असतं. ही हसायची! मांजर दिसलं की हसायची, भांडं पडलं की हसायची, स्वतःचा पाय सापडला की हसायची. आणि हसली की तोंड कानापर्यंत, आत दात चकचकतोय. शेजारीण मीठ मागायला आली तरी भाचीचा जीव वर-खाली. पोरीला हसू न देणं हे काम माझ्याकडे आलं. मी तिला मांडीवर घेऊन जगातल्या सगळ्या दुःखाच्या गोष्टी सांगितल्या. तुझा पणजोबा विहिरीत पडला. हसली. मला मूळव्याध आहे. आणखी हसली. शेवटी मी धर्माधिकाऱ्यांचं प्रवचन म्हणून दाखवलं. तेव्हा मात्र उचकी लागेपर्यंत हसली.

"ते मला अजून आठवतं," हसरी म्हणाली.

"आता खोटं कोण बोलतंय?"

चमचेवाली दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती. भाची भिंतीला टेकून बसली. ओरडली नाही, रडली नाही. नुसतं म्हणाली, "मावशी, हिला नाही देणार."

"नको देऊस."

"पण पोट एवढंसं आहे. ही मावायची कशी?"

मी म्हटलं, "जुळं आहे म्हणून सांग."

आणि मी गल्लीत जाऊन बोंब ठोकली. अहो, जुळं आहे जुळं! दुपारपासून पोट दुप्पट झालंय! विश्वास बसणार नाही तुमचा, पण ती बातमी धर्माधिकाऱ्यांकडे मी घरात परतायच्या आत पोचली. त्यांना असा काही हर्ष झाला, की जणू ते स्वतःच बाप! जुळं लवकर होतं, तेव्हा तिनं उद्या सकाळीच दिवा लावून यावं असं त्यांनी फर्मावलं. मला तरी दुसरं काय हवं होतं?

त्या संध्याकाळी मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम केलं. जाड खोळ, आतून मऊ झोळी, बाळाचे पाय दुमडून बसतील असा खळगा, आणि बेंबीच्या जागी श्वासाला जाळी. सगळं बिनचूक. फक्त घाईत जुना कापूस पुरला नाही, म्हणून वरच्या बाजूला नवा भरला, नीट न पिंजता. आमच्या धंद्यात पोरंसोरंसुद्धा सांगतील, न पिंजलेला कापूस नाकाचा वैरी. पण माझ्या डोक्यात होतं भाचीचं पोट. नाक कोणाला आठवतंय!

सकाळी हसरीला तुडुंब पाजलं. ती पेंगली तशी अलगद आत बसवली, वरून बंद बांधले. भाची उभी राहिली. काय सांगू! एवढं देखणं पोट मी देवानं केलेलंसुद्धा पाहिलेलं नाही.

पुलाच्या तोंडाशी गेलो. रक्षकांनी लगेच भिंतीला नाकं लावली. धर्माधिकारी खास जुळ्याला आशीर्वाद द्यायला आलेले, तेही पाठमोरे. आणि त्यांच्याशेजारी, आमच्याकडे तोंड करून, चमचेवाली. बायकांना बघायला बंदी नव्हती ना!

तिनं माझी टोपली उपसून बघितली. मग भाचीला विचारलं, "आज मी तुझ्याकडेच येणार होते. धाकटी कुठे आहे?"

"शेजारणीकडे. झोपली आहे."

"दात?"

"नाही अजून, ताई."

चमचेवाली काही बोलणार, तेवढ्यात पोट शिंकलं.

धर्माधिकारी भिंतीकडे बघूनच म्हणाले, "कोण ते?"

"मी, महाराज," मी म्हटलं. "कापसाचा धंदा. नाकात जातो."

पोट पुन्हा शिंकलं. या वेळी चमचेवाली माझ्या तोंडाकडेच बघत होती, आणि माझं तोंड मिटलेलं होतं. मी आतल्या आत म्हटलं, संपलं. आणि आमच्या या कार्टीला, स्वतःच्याच शिंकेची गंमत वाटून, हसू फुटलं. बारीक, खळखळून. पोटातून!

सगळे रक्षक भिंतीला आणखी चिकटले. एकाची टोपी पडली, ती उचलायला कोणी वाकलं नाही.

आता गंमत ऐका. हे धर्माधिकारी दर आठवड्याला प्रवचनात एक वाक्य ठरलेलं सांगायचे. 'गर्भातलं बाळ आमची घंटा ऐकतं आणि आनंदानं हसतं.' वर्षानुवर्षं सांगत आले होते, आणि आज ते खरंच हसलं! बिचारा म्हातारा गुडघ्यांवर बसला, भिंतीकडे तोंड करूनच, आणि रडत रडत म्हणाला, "ऐकलंत? ऐकलंत सगळ्यांनी? मी सांगत नव्हतो?"

आता हे खोटं आहे असं म्हणायची कोणाची छाती! तसं म्हणणं म्हणजे प्रवचन खोटं म्हणणं. तिथे फक्त एकच बाई होती जिला हे हसू गर्भातलं नाही हे कळत होतं. जन्मभर तिनं तान्ह्यांच्या तोंडात चमचा घातला होता. तान्ह्याचं हसू तिला ऐकू येणार नाही असं कसं होईल?

ती पोटाकडे बघत राहिली. मग तिचा हात स्वतःच्या खांद्यावर गेला. एक बटण तिनं उगाच चाचपलं, मग खालचं, मग त्याच्या खालचं. पोट आतून पुन्हा खिदळायला लागलं, तशी तिनं चमचा उचलला आणि पुलाच्या लोखंडी कठड्यावर आपटायला सुरुवात केली. ठण ठण ठण. इतक्या जोरात, की हसू त्यात बुडून गेलं.

"चला, पुढे व्हा," ती ओरडली. "देवाला खोळंबून ठेवू नका!"

"गेल्या वेळी तिनं मुकाट्यानं पाठ फिरवली होती म्हणालीस," हसरीनं टोकलं.

"पाठ नंतर फिरवली. दोन्ही केलं तिनं. गेल्या वेळी चमच्याचं सांगायचं राहिलं."

मास्तरीणबाई पुढे सरकून बसल्या होत्या. पोटावरचा हात तसाच. "मग? मग पूल ओलांडलात?"

"ओलांडला. मध्ये जरा थांबलो."

हे मला खरं तर सांगायचं नव्हतं. जीभ घसरली. पुलाच्या मध्यावरून आश्रमाचं अंगण दिसतं. मुलं बाहेर सोडली होती. सगळ्यांचे कपडे एका रंगाचे, सगळ्यांची डोकी एकसारखी कातरलेली. मुलगा कोण, मुलगी कोण, तेही कळत नव्हतं. भाची कठडा धरून उभी राहिली. एकेका डोक्याकडे बघत होती. मी म्हटलं, "चल." ती म्हणाली, "एक मिनिट, मावशी. ओळखू येतील." पोटात धाकटी चुळबुळ करत होती. मी पुन्हा म्हटलं, "चल ग." मग ती चालायला लागली. पाय उचलताना तिनं कठड्यावरचा हात एकेक बोट करून सोडवला.

या काठाला उतरल्यावर पहिला लागतो तो बाजार. तिथल्या एका आडोशाला आम्ही बंद सोडले आणि हसरीला बाहेर काढली. केसांत कापूस, नाक लाल, आणि तोंड कानापर्यंत पसरलेलं. समोर एक भाजीवाली बसली होती. तिनं बघितलं आणि केवढ्यानं तरी ओरडली, "अग बाई, दात आला की हिला!"

भाचीनं झटकन पोरीच्या तोंडावर हात ठेवला. सवयच ती. आम्ही दोघी तशाच उभ्या, श्वास रोखून. आता कोण येईल, कुठून येईल. कोणी आलं नाही. भाजीवालीनं ढिगातलं एक गाजर उचललं, पदराला पुसलं आणि म्हणाली, "घे ग राणी, चाव. हिरड्या शिवशिवत असतील." पलीकडून कांदेवाला म्हणाला, "माझ्या नातीला अजून नाही आला. नशीबवान आहे पोरगी." एवढंच. मग दोघं परत आपापलं ओरडायला लागली. कांदे घ्या, कोथिंबीर घ्या.

भाचीनं हळूहळू हात काढला. पोरगी भर बाजारात, आल्यागेल्याला दात दाखवत, गाजर धरून हसत सुटली. आणि भाची जमिनीवर फतकल मारून बसली, मांडीवर ती रिकामी गादी, आणि तिनं इतका मोठा श्वास सोडला, की शेजारच्या दुकानाची कनात हलली.

"हे मात्र खरं असेल," हसरी म्हणाली.

मास्तरीणबाई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. छत्री घसरून खाली पडली होती. "बाई बाई बाई," त्या म्हणाल्या. "सुटलात! ऐकूनच मला हलकं वाटलं बघा." मग त्यांचा हात पोटावर थांबला, आणि काहीतरी आठवावं तसं त्या म्हणाल्या, "आणि ती दोघं? थोरला आणि मधली?"

इतकी वर्षं गोष्ट सांगते आहे, पण गिऱ्हाइकं गादी शिंकली की हसतात, गाजरापाशी डोळे पुसतात आणि उठतात. हा प्रश्न कोणी विचारत नाही. मी मास्तरीणबाईंच्या पोटाकडे बघितलं. हसरीकडे बघितलं. तिकडे, खिडकीकडे, बघितलं नाही.

"ती? अहो, तीच तर खरी गंमत!" मी म्हटलं. "आश्रमातल्या गाद्या कोणी शिवल्या होत्या? मीच! आणि माझी गादी पाण्यावर तरंगते, हे इथे कोणालाही विचारा. पुलावर आईला बघितलं मात्र, दोघांनी एक गादी ओढत आणली, टाकली नदीत, आणि बसली तिच्यावर. भाऊ पुढे, बहीण मागे, हातांचं वल्हं करून! रक्षक काठावर उभे, पण सगळे भिंतीकडे तोंड करून! आम्ही बाजारात गाजर खातोय, तोवर ही दोघं ओलीचिंब, दात वाजवत समोर हजर. मग काय, मास्तरीणबाई, सगळेच्या सगळे या काठाला. मागे कोणी म्हणून राहिलं नाही."

मास्तरीणबाईंनी टाळ्या वाजवल्या. हसरीनं नाही वाजवल्या.

खिडकीशी भाचीनं टाका पुरा केला, दोरा दातानं तोडला आणि सुई डबीत ठेवली. आत बटणं वाजली.

"खोटं," ती म्हणाली. "दोघं राहिली, मावशी. सांगतेस तर तेही सांगत जा."